कोटवाल्याच्या साहेबबाई

मंगळवार, दि. ९

लाडके ठमे,

खूप खूप आशीर्वाद. चाळिशी आली तरी पत्रात ठमीच म्हणणार, तोंड वाकडं करू नकोस. तुझे फोन आले, मी उचलले नाहीत, हे खरं. घसा जरा बसलाय. आमच्या स्टुडिओतला एसी तुला ठाऊकच आहे, आत शाल घेऊन बसावं लागतं. म्हटलं, थोडे दिवस बोलणं कमी करावं. शिवाय फोनवर तू मला बोलू कुठे देतेस?

जावईबापूंचा गुडघा कसा आहे? जिने चढू नका म्हणावं. तुझ्या खोलीच्या खिडकीची कडी अखेर बसवून घेतली, आता वारा आला की आदळत नाही. खालचे शिंपीकाका तुझी चौकशी करत होते.

आता मुद्द्याचं. गेल्या खेपेला निघताना, बूट घालता घालता तू म्हणालीस, "आई, त्या कोटवाल्याच्या सिनेमांत तू आयुष्यभर नुसती किंचाळलीस." मला ते फार लागलं. तेव्हा उत्तर सुचलं नाही, कारण मला उत्तरं भांडी घासताना सुचतात. आता सुचलंय, तर ऐकून घे.

किंचाळले, नाकारत नाही. तू जन्मायच्या आधीची गोष्ट. त्या परदेशी गुप्तहेराचा पहिला सिनेमा आपल्या भाषेत बोलता करायला आमच्या स्टुडिओत आला. पडद्यावर तो कोसळलेल्या इमारतीखालून बाहेर आला आणि त्याच्या कोटाची इस्त्री मोडलेली नव्हती. आम्ही सगळे खो खो हसलो, आणि त्या दिवसापासून त्याचं नाव कोटवाला पडलं. त्यात माझ्या वाट्याला एक बाई होती, खलनायक तिला गच्चीवरून ढकलतो. तिचा संवाद म्हणजे "वाचवा!" आमचे मास्तर, म्हणजे आवाज बसवणारे दिग्दर्शक, तेव्हा तरुण होते. म्हणाले, "बाई, पडणारं माणूस इतकं शुद्ध बोलत नाही. घाबरा जरा!"

पुढचे कितीतरी सिनेमे मी हॉटेलात भेटणारी बाई होते. लाडात हसायचं, एक पेला पुढे करायचा आणि मध्यंतराच्या आत मरायचं. कोटवाला तिच्या प्रेताजवळ काहीतरी विनोद करायचा आणि गाडीत बसून निघून जायचा. तू यावर चिडतेस ना? मीही चिडायचे. पण तेव्हा तुझा बाप गेलेला, तू पाळण्यात, आणि मेलेल्या बायकांनीच आपल्या दोघींना जगवलं.

मग कोटवाल्याच्या कामाला दुसरा नट आला. हसरा, मोठ्या दातांचा. त्याच्या काळात सगळा खेळण्यांचा बाजार. बुटातून धूर, छत्रीतून गोळी, गाडीला पंख. खलनायकाला जग बुडवायचं असायचं, का ते त्यालाही सांगता यायचं नाही. तुला तोच आवडायचा, घरातल्या छत्र्या तू त्यापायीच मोडल्यास. त्या सिनेमांत मी शास्त्रज्ञ बाई झाले. बढतीच म्हणायची! फक्त शेवटी चष्मा काढून त्याच्या गळ्यात पडावं लागायचं.

तिसरा नट आला तेव्हा मात्र मला धक्का बसला. मारामारीत त्याच्या भुवईवर जखम झाली. मी वाट बघत होते, आता दृश्य बदललं की चेहरा पुन्हा गुळगुळीत होणार. झाला नाही. पुढच्या दृश्यात जखम होती, त्याच्या पुढच्यातही होती, दाढी करताना त्याचा हात तिथे थबकला. ठमे, मी काचेच्या त्या खोलीत हेडफोन लावून उभी होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं जो कशानं मळला नाही, त्याला आता दुखायला लागलं होतं. मेलेल्या बाईचं नाव तो तीन सिनेमे विसरला नाही.

मला या सिनेमांचं कौतुक आहे ते यासाठी. जगानं नावं ठेवली, तुझ्यासारख्या मुली हसल्या, तर ते बनवणाऱ्यांनी कान बंद नाही केले. चुकलेलं सोडून दिलं, चांगलं तेवढं ठेवलं. शत्रू आधी बेटावर राहायचा, आता तो कोटवाल्याच्याच कचेरीत शेजारच्या टेबलावर बसतो. माणसंसुद्धा इतकी सुधारत नाहीत, आपल्या घरातलीच उदाहरणं देऊ का?

आणि चौथ्या नटाच्या वेळी कोटवाल्याची वरिष्ठ म्हणून बाई आली. माझ्या वयाची, पांढऱ्या केसांची, कोणाच्या गळ्यात न पडणारी. तिचं पहिलं वाक्य होतं, "उशीर झालाय. उभ्यानंच सांगा." मी ते म्हटलं आणि शेजारच्या माइकवरचे काका खरंच ताठ उभे राहिले. काका माहीत आहेत ना, चारही नटांना एकच आवाज देणारे? चेहरे बदलले, काका बदलले नाहीत. पडद्यावर बॉम्ब हातात धरतात आणि स्टुडिओत पाल दिसली की स्टुलावर चढतात. तेव्हापासून ते त्या बाईला आणि मलाही साहेबबाई म्हणतात.

सध्या नव्या सिनेमाचं काम चालू आहे. साहेबबाईंचा हा शेवटचा. मास्तर माझ्यावर भलतेच खूश आहेत, पण ते नंतर लिहीन. डॉक्टरांकडे जाऊन आले, काळजीचं काही नाही. फोन करू नकोस, पत्र टाक.

तुझी आई

गुरुवार, दि. १८

ठमे,

तुझं पत्र आलं. चार ओळी, त्यांतल्या तीन "फोन उचल." चौथी वाचून मी खुर्चीत बसले. "घसा बसायला डॉक्टर कशाला लागतो?" शाळेत गणितात काठावर पास होणारी मुलगी हिशेब मात्र बरोबर करते.

तर लिहिते, एका दमात.

माझा घसा बसलेला नाही. घशात स्वरतंतूवर गाठ आहे. ती काढायची, मग तपासायला पाठवायची. डॉक्टरांनी लगेच करा म्हटलं होतं, मी दोनदा पुढे ढकललं. का, ते आता ऐक आणि मग हवं तेवढं रागाव.

नव्या सिनेमात साहेबबाईंवर हल्ला होतो, मग त्यांना नोकरीवरून काढतात. मी कामाला गेले तेव्हा आवाज आधीच खरखरीत झाला होता. मला वाटलं, मास्तर घरी पाठवतील. मी हल्ल्यानंतरचं पहिलं वाक्य म्हटलं आणि मास्तर उठून काचेपाशी आले. "बाई! काय आवाज लावलाय! कुठून आणलात हो हा?" त्यांना तो अभिनय वाटला. सगळ्यांनाच वाटला. आयुष्यभर कानांवर पोट भरणारी माणसं, पण तेव्हा एकालाही कळलं नाही. उलट मास्तर म्हणाले, सुरुवातीच्या दृश्यांतही हाच आवाज हवा. मग मी तोच "लावत" राहिले. रोज जास्त दुखायचं, रोज जास्त वाहवा व्हायची.

खरं सांगू, मला ती वाहवा हवी होती. इतक्या वर्षांत मास्तर माझ्यासाठी कधी खुर्चीतून उठले नव्हते. आणि त्या बाईला अर्ध्यावर सोडवेना. गच्चीवरून ढकललेल्या बाईपासून मी तिच्यापर्यंत चालत आले होते. तिचा शेवट दुसरीच कोणी बोलली असती, तर मला सहन झालं नसतं.

पुढे एकट्या काकांनी ओळखलं. जेवणाच्या सुट्टीत माझ्यापुढे गरम पाणी ठेवून हळूच म्हणाले, "साहेबबाई, हा आवाज घरीपण लावता का?" मी मान खाली घातली. मग मला कमी ताण पडावा म्हणून त्यांनी माइक जवळ ओढून दिला.

काल शेवटचं दृश्य झालं. साहेबबाई टेबल आवरतायत. कोटवाला दारात येऊन विचारतो, "आता हुकूम कोणाचा घ्यायचा?" ती म्हणते, "आता स्वतःच ठरवा. तेवढे मोठे झालात." "मोठे" म्हणताना माझा आवाज मधेच तुटला. मी पुन्हा घेऊ म्हणाले. मास्तर म्हणाले, "हात नाही लावायचा त्याला." टाळ्या वाजल्या. मग मास्तरांनी सहज विचारलं, "सराव कसा केलात एवढा?" मी त्यांना गाठीचं सांगितलं.

मास्तर काचेमागून आत आले. म्हणाले, "मी तुम्हाला परत परत बोलायला लावलं." मी म्हटलं, "मी सांगितलं नाही, तुम्हाला कसं कळणार?" काकांनी तोंड फिरवलं.

फोन का उचलत नव्हते, ते आता कळलं असेल. काका सोडून स्टुडिओतल्या सगळ्यांना चकवलं, तुला "हॅलो" एवढंही चकवता आलं नसतं.

सोमवारी सकाळी ऑपरेशन आहे. नंतर बरेच दिवस एक शब्द बोलायचा नाही. पुढे जो आवाज येईल तो हाच असेल, असं डॉक्टर सांगत नाहीत, येईलच असंही ठामपणे म्हणत नाहीत. गाठीचं काय निघेल ते निघेल, त्याला मी फार भीत नाही. आवाजाला भिते. हे पत्र काका स्वतः तुझ्याकडच्या गाडीनं पाठवतायत, उद्या तुझ्या हातात पडेल.

ठमे, रविवारच्या आत ये. भांडायला ये, सिनेमांना नावं ठेवायला ये, कशालाही ये. डबा, औषधं, सह्या हे सगळं काका बघतील, त्यासाठी नको येऊस. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडचं बोलले. माझं स्वतःचं असं या आवाजात एकच होतं, तुला हाक मारणं. तू आत आलीस की मी स्वयंपाकघरातून एकदा हाक मारीन. आवाज फाटेल, फाटू दे. तू फक्त "ओ" दे.

वाट बघणारी,
आई