मारियामातेच्या तसबिरीमागचा कागद

एलिसेओ,

कॉफीच्या मळ्यावरून आलास की आधी जेव, मग घाबर. राजमा चुलीवर आहे, मक्याच्या टोर्तिया फडक्यात गुंडाळल्यात.

शिओमाराला इस्पितळात ठेवून घेतलंय. मी तिचे कपडे न्यायला आले होते, परत निघाले. पोटातलं बाळ बरं आहे, ठोके मी माझ्या कानांनी ऐकले. पण सकाळी तुझ्या बायकोचा गाल पपईसारखा सुजला, तोंड उघडेना, अंगात फणफणून ताप. दाढेत पू झाला होता. दातांच्या डॉक्टरीणबाईने इंजेक्शन देऊन दाढ काढली. एवढीशी पोरगी ती डॉक्टरीण, मला म्हणते कशी, "आजी, सून अजून दोन दिवस दाढेत लवंग धरून बसली असती तर दोघंही गेली असती."

मी म्हटलं, "पोटुशीच्या दाताला हात लावला की पोर जातं, आमच्या दाईने सांगितलंय." ती म्हणाली, "तुमच्या दाईने दाढा बघितल्या होत्या का?" मला कुणी असं बोललं नव्हतं आजवर.

मग तिने विचारलं, दात दाखवायला नर्सने महिन्यापूर्वी दिलेला कागद कुठंय? शिओमारा त्या सुजल्या तोंडाने म्हणाली, "माझ्याकडून हरवला." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हरवला नाही. मारियामातेच्या तसबिरीमागे आहे. मीच खुपसला. आत्ता काढायला गेले, पण त्या माउलीच्या तोंडाकडे बघवेना. तू काढ, इस्पितळात घेऊन ये, आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दे.

आई