सही तूच कर, नॉरिस

नॉरिस,

सोफ्याच्या कर्जाच्या कागदाची झेरॉक्स काढायला लायब्ररीत गेलेय. कर्ज देणारी कंपनी कधीच बुडाली, तरी अशांसाठीच्या निधीतून त्या विम्याची भरपाई मिळते म्हणे. नोकरी गेली तर हप्ते भरू, म्हणून त्यांनी विमा गळ्यात मारला, आणि तू तर तेव्हाच पेन्शनीत. नसलेली नोकरी जाणार कुठं?

सल्लाकेंद्रातली बाई म्हणाली, "चूक विकणाऱ्याची, सही करणाऱ्याची नाही." मी तिला ते दोनदा म्हणायला लावलं.

त्या सहीवरून मी तुला अठरा वर्षं बावळट म्हणत आले. तेव्हापासून तू नातवंडांच्या वाढदिवसाच्या कार्डावरही मलाच सही करायला लावतोस. ते आता पुरे.

अर्ज चहाच्या किटलीपाशी आहे. पेन चालतं, मी बघितलंय.

डोरीन