सिंहासनाचा रविवार

२ नोव्हेंबर, रविवार

शीतल गेली. मेली नाही — आमचं दळ सोडून शत्रूकडं गेली. आणि जाता जाता माझा किल्ला जाळून गेली!

दुपारी जेवून मोबाइल उघडला, तर किल्ल्याच्या जागी राख. लॉकडाउनमधी आम्ही दोघीनं हा खेळ सुरू केला होता — ती पांढुर्ण्यात, मी इथं सौंसरले. राक्षस, गरुड, जादूगार, काय काय जमवलं! दळाचं नाव 'कपाशी', तेही तिनंच ठेवलं. पंधरा जण होतो. तिच्यासंग अकरा गेले, 'कालभुजंग' दळात. राहिलो तिघं.

माझ्या किल्ल्याचा मागचा दरवाजा फक्त तिलेच माहीत होता. मीच दाखवला होता.

आई म्हणे, "त्या मोबाइलमधी कोण मेलं व? एवढी रडून राहिली."

३ नोव्हेंबर

सातवीले अपूर्णांक शिकवता शिकवता डोळे भरले. अडतीस वर्षांची मास्तरीण! पोरांनी विचारलं, "मॅडम, घरी कोणी बिमार आहे का?" हो म्हटलं. दुसरं काय सांगणार.

४ नोव्हेंबर

शेवटी फोन केला.

"तृप्ते, खेळच आहे ना व! तिकडं मले सेनापती केलं. तुझ्या हाताखाली किती दिवस राहू?"

"हाताखाली?"

"मग काय! हर लढाईत तूच ठरवते. मी फक्त हो म्हणते."

बी.एड.ले एका डब्यात जेवलो आम्ही. पंधरा वर्षं मी जिले मैत्रीण समजली, ती हाताखाली होती म्हणे! फोन मीच ठेवला. मग वाटलं, अजून बोलाले पाह्यजे होतं. पण काय?

७ नोव्हेंबर

तिघं म्हणजे मी, भैय्याजी आणि दादाराव काका. भैय्याजीचा बसस्टँडजवळ संत्र्याचा धंदा, गिऱ्हाईक नसलं की खेळतात. काका पांढुर्ण्याचे, रेल्वेतून रिटायर. काकू गेल्यावर ते घरातून निघतच नव्हते, तेव्हा शीतलनंच त्याईले हा खेळ शिकवला. किल्ल्याले काकूंचं नाव दिलं — सुशीलागड. फौज कमी, बगीचा जास्त! बुरुजावरसुद्धा फुलझाडं.

सोळा तारखेले सिंहासनाची लढाई. दुपारी बारा ते दोन. दोन वाजता ज्याचा झेंडा सिंहासनावर, तो जिंकला.

भैय्याजी म्हणाले, "मॅडम, आपण तीन लोकं. आरामात बसून तमाशा पाहू."

काका म्हणाले, "तू सांग बेटा, मी तसं करतो."

१० नोव्हेंबर

खेळाचे नियम पहिल्यापासून वाचून काढले. ज्याचा किल्ला जळाला, त्याले नवा किल्ला एकदा कुठंही मांडता येतो. कुठंही! सिंहासनाच्या पायरीले लागूनही! म्हणजे शीतलनं जाळला तेच बरं केलं. आता मांडायचाच नाही. शेवटपर्यंत नकाशावर मी नाहीच. अर्धी फौज वाचली आहे, तंबूत बसून आहे. भैय्याजीनं आपलीही देऊन टाकली.

पण सिंहासन कालभुजंगच घेणार. तिथून शीतलले उठवायचं कसं?

१२ नोव्हेंबर

सापडलं. पण इथं लिहाले हात चालत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आईसंग जामसांवलीच्या देवळात गेली. गर्दी. हात जोडले, मागितलं काही नाही. आई लाइनमधी असताना बाहेर येऊन शीतलले फोन केला. खोटं बोलाले जागा बरी शोधली!

"शीतले, मी थकली. आमची सारी फौज काकाच्या किल्ल्यात लपवली आहे. उद्या दोनले दहा कमी असताना तुझ्यावर येणार होतो. घे, सांगून टाकलं."

ती म्हणे, "काहून सांगून राहिली?"

"नको आता भांडण."

मग ती विचारते, "जेवली का?"

रडू आलं. ते मात्र खरं होतं.

घरी आल्यावर काकाले फोन. "काका, तुम्ही दरवाजे लावून थांबा. ती आली तर मी मदतीले येते."

"येशील ना?"

"येते ना काका."

१६ नोव्हेंबर, रविवार

जिंकली!!! तिघांच्या दळानं सिंहासन घेतलं!

एक वाजेपर्यंत कालभुजंगनं बाकी सगळ्या दळांले झोपवलं. दीड वाजता शीतल सिंहासनावरून सारी फौज घेऊन निघाली — सरळ सुशीलागडाकडं. दहा मिनिटांचा रस्ता. मी मोबाइलवर अंगठा धरून बसली. ती दारात पोचली, आणि थांबली. एक मिनिट. दोन मिनिटं. परत फिरली असती तर माझं काहीच नव्हतं. मग आग दिसली.

दोनले दहा कमी असताना किल्ला मांडला. पायरीले लागून. मूठभर पहारा होता, भैय्याजीच्या राक्षसानं उडवला. झेंडा लावला. शीतल धावत परत आली तेव्हा दोन वाजून एक मिनिट झालं होतं.

भैय्याजी फोनवर ओरडून राहिले, "मॅडम, कमाल! कमाल!" आईनं शिरा केला. कशासाठी ते तिले माहीत नाही.

काका आगीत एकटे होते. शेवटपर्यंत त्याईनं मदत मागितली नाही. मी फोन केला नाही.

१७ नोव्हेंबर

शीतलचा काही मेसेज नाही. तिनं धोका दिला, मीही दिला, बरोबर झालं — दिवसभर हेच स्वतःले सांगून राहिली. पण मी दोघांले दिला. अपूर्णांक शिकवणाऱ्या बाईले एवढं तर मोजता येते.

१९ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर पांढुर्ण्याची बस धरली. काकानं चहा मांडला. मी उभ्यानंच सांगितलं, "काका, शीतलले तुमच्यावर मीच पाठवलं."

"समजलं होतं. ती दारात आली तेव्हा तिनं फोन केला. रडून राहिली होती — काका, तुमच्या घरावर हात नाही उचलत, परत जाते म्हणे. मीच म्हटलं, नाही बेटा, जाळ. ती परत गेली असती तर सिंहासनापाशी तू सापडली असती."