पंपातलं चामडं

चैत्र शु. ६, मंगळ.
प्लेगनं कोल्हापूर ओस. सगळे गावाबाहेर माळावर, छावणीच्या छपरांत. सरकारी इंजिनिअर म्हणून विहिरीवर हातपंप मी बसवला. त्याबद्दल दरबारात शालजोडी, 'रयतेचे प्राण राखले' वगैरे. आत्याही छावणीतच. आईमागं मला तिनंच वाढवलं. शाल दाखवली, तर म्हणते, "छान आहे रे. पण चैत्रात?"

शु. ८, गुरु.
पंप अडला. लोक विचारू लागले, आत असतं तरी काय? म्हटलं, समोरच खोलावा, शंका नको. हुसेन मिस्त्री कानाशी लागला, "सायब, लोकांम्होरं उघडू नगासा." ऐकलं नाही. दट्ट्यावरची चामड्याची चकती, म्हणजे वायसर, हातात धरून, पाणी कसं ओढलं जातं यावर व्याख्यान झोडलं. मग एक म्हातारा पाटील:
"म्हंजे इतकं दिस आमी कातड्याचं पाणी पितोय व्हय?"
गाढवपणा माझा. दुसरा शब्द नाही.

शु. ११, रवि.
पंप पुन्हा चालू केला, पण तिकडे कोणी फिरकत नाही. ओढ्याच्या डबक्यावर घागरी, तिथंच धुणी. आत्याचंही पाणी तिथलंच. मोट काय रेशमाची असते? पाटील म्हणतो, "मोटंचं शेताला. प्यायला न्हाय." खोटारडा. मळ्यात ओंजळीनं पिणारे कितीदा पाहिलेत. पाणी उकळा म्हणावं, तर जळण कुठलं?
मोकळ्या पंपावर टोकाच्या छपरांतली महार-चांभार मंडळी येऊ लागली. आजवर कोणी वरून ओतेल तेव्हाच त्यांना पाणी. आता हवं तेवढं भरतात. तेवढंच बरं झालं.

शु. १३, मंगळ.
पटकी आली, म्हणजे कॉलराच. टोकाच्या छपरांत एकही आजारी नाही. हे दाखवलं, तर पाटील म्हणतो, "त्यांची हाडंच काटक." कपाळ माझं!
रबराचे वायसर मुंबईहून मागवलेत. कधी येतील देव जाणे. हुसेन म्हणाला, "रबर घातलंय म्हणून सांगा की. कोण उघडून बघतंय?" त्याच्यावर खेकसलो, इंजिनिअर खोटं बोलत नाही!

पौर्णिमा, गुरु.
आत्याला पहाटेपासून जुलाब, उलट्या. डोळे खोल गेलेत. पंपाचं पाणी पुढं केलं, तोंड फिरवलं. हातापाया पडलो. नाही म्हणजे नाही.

वद्य १, शुक्र.
सकाळी लोटा घेऊन पुन्हा बसलो.
"चामडं काढलंस?"
"काढलं."
"तू म्हणतोस ना? मग दे."
घटाघटा प्यायली. लाज वाटली. तरी दुसरा लोटा भरून दिला. तिसराही.
ही बातमी कशी पसरली कोण जाणे. दुपारी पाटील चारजणांना घेऊन छपराच्या दारात. "रबर घातलंसा, ब्येस केलंसा. आता त्या टोकाच्या लोकास्नी पंपावरनं हटवा, म्हंजे आमी येतो." त्याची नात कालपासून आजारी आहे. बोलताना हात जोडलेले.
त्यांना हटवणार नाही, हे सांगायचं होतं. रबर अजून आलेलंच नाही, हेही. पण मागं अंथरुणावर आत्या जागी होती, आणि तिला अजून पुष्कळ पाणी प्यायचं होतं.
"उद्या सांगतो," म्हणालो.
"उद्या?" पाटील म्हणाला. "पोरगी उद्यापतुर ऱ्हाईल व्हय, सायब?"