अकराव्या फोटोमागची ओळ

भुज, ता. ९ जानेवारी

प्रिय भाई अद्रेमान,

सलाम. मांडवीची हवा तुला मानवते असं कळलं. हवाबाई सख्खी बहीण, ती काही कमी पडू देणार नाही. हे पत्र फोन तुला वाचून दाखवेल, म्हणून वाक्यं आखूड ठेवतो.

तू गेल्यापासून माझ्या हातांनी केलेलं सांगतो. एकवीस घडीचे चाकू. नऊ अडकित्ते. भात्याला नवं चामडं. टाका दोन सुतांवर, कुठेही अडीच नाही. आणि आपली वेबसाइट, मुळापासून पुन्हा. शिकवायला कोणी नव्हतं. अब्बा गेले तेव्हा मी अकराचा, पोलादाला पाणी द्यायलाही असाच बघून शिकलो.

वेबसाइटवर चव्वेचाळीस फोटो आहेत. प्रत्येकाच्या पाठीमागे एक ओळ लिहायची असते. बघणाऱ्याला ती दिसत नाही. पण कोणी काही शोधलं की यंत्र त्या ओळी वाचतं, आणि ज्याच्या ओळीत तेच शब्द त्याचं दुकान वर आणतं. ज्याला दिसत नाही त्याला फोन तीच ओळ बोलून दाखवतो. हा धडा मी फोनवर पाहिला होता. सोडून दिला. तेव्हा आपल्या घरात आंधळं कोणी नव्हतं.

हारूनची खबर अशी. चुलतभाऊ आपला, पण नाव घेताना तोंड कडू होतं. अजून जेलमध्येच आहे. उजवं मनगट वाकडं जुळलं. ते ऐरणीवर दाबून मी हातोड्याचे तीन घाव घातले, ते तू फक्त ऐकलेस. तिसऱ्याला हाड सुक्या बाभळीसारखं मोडलं. बाजारात लोक अजून पाठ थोपटतात, "जुसब, भाऊ असावा तर असा!" मी मान हलवतो.

हलवू नये. पोलिसांना मी सांगितलं, हारूनने चाकू फळीवरून हिसकावला. अद्रेमान, त्याने हिसकावला नाही.

गिऱ्हाईक पळवण्यावरून तुमचं पेटलं होतं. तू म्हणालास, "हारून, तुझ्या चाकूने केळंसुद्धा सोललं जात नाही, मग हातानेच सोलावं लागतं!" तो म्हणाला, "आणि तुझ्या या अदाचा, थोरल्या भावाचा चाकू? लोण्यालाही आधी विचारतो, कापू का म्हणून!" तू हसलास. मला हसू आलं नाही. फळीवरचा सहा इंची चाकू मी उघडला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. म्हटलं, "घे, धार बघ."

त्याने बघितली. पातं तुझ्या उजव्या डोळ्यात शिरलं, नाकाचं हाड कापत डाव्यातून निघालं. भट्टीच्या गरम राखेवर रक्त चुरचुरलं. आणि त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? पात्याला खाच पडली नाही.

वार झाल्यावर बाजारातल्या कोणीतरी फोनवर व्हिडिओ काढला, तो गावोगाव फिरला. लोक 'डोळे कापणारा कच्छी चाकू' असं शोधू लागले. मी तेच शब्द अकराव्या फोटोमागे घातले, कारण तो त्याच चाकूचा फोटो. मग सगळ्या चव्वेचाळीसांमागे. आठवड्यात आपण सगळ्यांच्या वर.

नवा माल ऐकावा म्हणून तू खाटेवर फोन लावून बसलास. फोनमधल्या त्या गोड आवाजाने तेच वाक्य चव्वेचाळीस वेळा म्हटलं. तू शेवटपर्यंत ऐकलंस. मग एवढंच विचारलंस, "अदा, अडकित्त्यानेही?" आणि हवाबाईला बोलावून घेतलंस.

आता अकराव्या फोटोमागे असं आहे: 'घडीचा चाकू, पातं सहा इंच, पितळी मूठ. मुठीवर सात पानांची वेल, कोरणारा अद्रेमान. याच चाकूने त्याचे डोळे गेले. चाकू उघडून मारणाऱ्याच्या हातात दिला तो जुसबने.' यंत्राने आपल्याला सतराव्या पानावर ढकललं. उद्या सकाळी हाच जबाब ठाण्यात लिहून देतो.

परत ये असं म्हणायचं तोंड मला नाही. एकदा ती ओळ ऐक.

ज्याने उघडून दिला तो,
जुसब

ता. क. काल राजकोटचे व्यापारी रमणिकभाई आले होते. "जुसबभाई, जुन्या ओळी परत घाला, बस्स. दिसतात कुणाला?" म्हटलं, "माझ्या भावाला." ते हसले, त्यांना थट्टा वाटली. त्यांना हवे होते त्याच नमुन्याचे बाराशे चाकू, त्याच ओळींसकट, पैसे आधी. मी नाही म्हटलं. अकरा लाख चाळीस हजार रुपये.