चार-चार मिनिटांच्या अंतरानं

प्रेम नगर, झाशी
सोमवार

प्रिय सलील,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. सकाळी सगळ्या घड्याळांना चावी दिली, थोडे पोहे केले आणि आता लिहायला बसले आहे. फोन का केला नाही म्हणून विचारशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. पत्राला मध्येच 'आई, ऐक ना' म्हणता येत नाही.

दिवाळीत तू टेबलावर कागद ठेवून गेलास, ते मी तीनदा वाचले. हे घर विकायचा अधिकार मी तुला द्यायचा आणि नोएडाला तुमच्याकडे कायमचं राहायला यायचं, असा त्यांचा सरळ अर्थ आहे. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीनं फुल्याही मारून ठेवल्यास. तू दुसरीत होतास तेव्हा तुझ्या वहीत मी अशाच फुल्या मारायचे, कारण तू नाव भलतीकडेच लिहायचास.

आईचं डोकं आता ठिकाणावर नाही, हे तू कशावरून ठरवलंस ते मला ठाऊक आहे. मोबाइल हातात घेऊन तू घरभर फिरलास आणि एकेक घड्याळ तपासलंस. बैठकीतलं चार मिनिटं मागे, बोळातलं आठ, माझ्या खोलीतलं बारा. मग आमच्या सूनबाईंना, मयुराला, हळूच म्हणालास की हिला वेळेचंही भान उरलेलं नाही. माझे कान अजून शाबूत आहेत, बाळा. ती घड्याळं मी मुद्दाम तशी लावली आहेत. तिन्ही टोल्यांची आहेत. तिन्ही एकदम बारा ठोकायला लागली की काही मोजता येत नाही आणि आपल्याच घरातून पळून जावंसं वाटतं. म्हणून प्रत्येकाला बोलायला वेळ दिला. खरी वेळ स्वयंपाकघरातल्या गोल घड्याळात असते. हे उर्वीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला म्हणाली, "आजी, ये लोग बारी-बारी से बोलते हैं ना?" नऊ वर्षांच्या मुलीनं विचारलं. तू विचारलं नाहीस.

आणि माझी स्मरणशक्ती तपासायला तू ज्यांच्याकडे नेलंस ते तुझे डॉक्टर. पोरगा सभ्य होता, मला माताजी म्हणाला. कोरा कागद देऊन म्हणाला, घड़ी बनाइए और उसमें ग्यारह बजकर दस मिनट बजाइए. मी विचारलं, सुबह के या रात के? तो तुझ्याकडे बघून हसला आणि काहीतरी टिपून घेतलं. तीस वर्षं रेल्वेच्या घरात काढलेली बाई दुसरं काय विचारणार? आपल्याकडे दुपारचे दोन कधी वाजलेच नाहीत, चौदाच वाजले. मग मी मन लावून घड्याळ काढलं. बाहेर रोमन आकडे, आतल्या गोलात तेरा ते चोवीस, आणि चाराच्या जागी चार उभ्या रेघा, जुन्या तबकड्यांवर असतात तशा. काटे अगदी अकरा दहावर. त्यानं आतल्या आकड्यांवर बोट ठेवून विचारलं, ये सब क्या लिख दिया, माताजी? तू तिथेच बसला होतास. तुझे बाबा जन्मभर स्टेशनांवरची घड्याळं दुरुस्त करत होते. लहानपणी तू त्याच तबकड्यांवर आकडे शिकलास. तू खाली मान घालून फरशीकडे बघत राहिलास. त्या दिवसाचं मला अजून वाईट वाटतं.

परतताना रिक्षात तू म्हणालास, बाबांच्या आठवणीनं आईनं घराचं दुकान करून टाकलंय. आता हे शेवटचंच सांगते, पुन्हा सांगणार नाही. ही घड्याळं बाबांची आठवण नाहीत. बाबा असेपर्यंत आपल्या घरात भिंतीवर एकही घड्याळ नव्हतं, हे तुला आठवत कसं नाही? दिवसभर तीच टिकटिक ऐकतो, घरी नको, असं ते म्हणायचे. घरातली वेळ त्यांच्या मनगटावर असायची आणि ते ती आम्हाला सांगायचे. चहा सात मिनिटं उशिरा, डबा तीन मिनिटं. माणूस वाईट नव्हता. पण मला किती वाजले ते दुसऱ्याला विचारायला लागायचं, आणि ते मला कधीच आवडलं नाही. ते गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी पहिलं घड्याळ आणलं. भिंतीला खिळा मी स्वतः ठोकला.

बोळातलं लंबकाचं घड्याळ मोठ गावच्या गल्लामंडीत, धान्याच्या बाजारात, एका अडत्याच्या गादीमागे होतं, त्याच्या लाकडाला अजून मोहरीच्या तेलाचा वास येतो. बैठकीतलं सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्याचं सामान विकायला निघालं तेव्हा मिळालं. ते मी मांडीवर घेऊन टेम्पोतून आणलं. पितळी तबकड्या उठून दिसाव्यात म्हणून भिंत गडद हिरवी करून घेतली. रंगारी म्हणाला, माताजी, स्कूल लगेगा. लागू दे म्हटलं. मयुराला ती हिरवी भिंत बघवत नाही, मला ठाऊक आहे. मला मात्र सकाळी ऊन आलं की त्या भिंतीसमोर बसून चहा प्यायला इतकं बरं वाटतं की काय सांगू. आणि तू म्हणतोस, नोएडाला येताना एक घड्याळ आण, आवाज नसलेलं.

मी काही विसरतच नाही, असं म्हणणार नाही. श्रावणात दोनदा दूध करपलं. एकदा कमलाला, शेजारच्या सुनेला, मी तुझ्या मावशीच्या नावानं हाक मारली आणि ती बिचारी ओ देऊन मोकळी झाली. त्या दिवशी मी घाबरले, सलील. खूप घाबरले. तुला सांगितलं नाही, कारण तू कागद आणशील हे मला माहीत होतं. मग मी माझी तोड काढली. बैठकीतलं घड्याळ सात वाजवायला लागलं की दूध गॅसवर ठेवायचं आणि बोळातलं वाजवायला लागलं की जिथे असू तिथून ओट्याशी जाऊन उभं राहायचं. तेव्हापासून दूध एकदाही करपलेलं नाही. मागच्या महिन्यात ताप होता म्हणून चावी द्यायची राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी कमला दारात उभी, "चाचीजी, आपकी घड़ी नहीं बोली तो हम दौड़े आए." तिनंच दोन दिवस पेज करून दिली. तुमच्या सोसायटीत चौदाव्या मजल्यावर माझं काय बोललं नाही म्हणजे कोण धावत येईल, ते सांग.

पुढे कधी खरंच काही आठवेनासं झालं तर मी तुझ्याकडेच येईन, दुसरीकडे कुठे जाणार? पण ते मी ठरवीन, किंवा कमला आणि उर्वी मिळून ठरवतील. एका कागदावरच्या घड्याळानं ठरणार नाही. उन्हाळ्यात उर्वीला महिनाभर पाठव. तिला चावी द्यायला शिकवणार आहे, आणि मराठीत उत्तर द्यायलाही.

आता चार वाजतील. बाबा सांगायचे, रेल्वेच्या कंट्रोल रूमकडून रोज बरोबर चारला सगळ्या स्टेशनांना वेळ मिळते. मीही चारलाच स्वयंपाकघरातलं घड्याळ लावते, ती त्यांची एकच सवय मी ठेवली आहे. पत्र वाचताना कागद जाड का लागतो आहे, असं तुला पहिल्या ओळीपासून वाटत असेल. पानं उलटून बघ. तुझ्या फुल्या पलीकडच्या बाजूला आहेत. तुझ्या कागदांची पाठ कोरी होती, तिथे मला जे सांगायचं होतं ते मी लिहिलं. तुला माझी सही हवी होती, ती खाली केली आहे. वेळही घातली आहे.

तुझीच आई,
अरुंधती दीनानाथ परांडकर
१६.००