घरी कोणी येणार नाही

३ डिसेंबर १९५१, सोमवार

परिपत्रक आलं! तोक्योहून, अर्थखात्याचं. आमच्या शाखेचे ओगिवारा साहेब ते सगळ्यांना उभं करून वाचत होते, सूर असा की कोणाच्या तरी मयताची बातमी. बक्षीस-ठेवींना आता लगाम. पहिलं बक्षीस ठरलेल्या आकड्याच्या वर नको. काचेत सायकल आणि शिलाई मशीन मांडून लोकांना भुलवायचं नाही. ढोल-झांजांचे रंगीत बाजेवाले रस्त्याने फिरवायचे नाहीत. ज्याला नंबर लागेल त्याचं नाव फलकावर नाही, त्याच्या दारात मिरवणूक नाही. सगळं एक जानेवारीपासून.

“मग लोकांना कळायचं कसं, की पैसे ठेवण्यात मजा असते?” साहेब म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

खरंच राग आला. दारोदार सायकल मारत मी हिंडते, तोक्योवाले नाहीत. साधी मुदत ठेव म्हटलं की बायका दार लावून घेतात. ‘मुद्दल कुठे जात नाही, वर नंबर लागला तर नशीब’ म्हटलं की चहा येतो. युद्धात सरकारने बचत करा, बचत करा म्हणून घसा कोरडा केला, आणि नंतर त्या पैशाची माती झाली. आता लोकांनी परत बँकेत यावं तर गोडाचा घास नको का दाखवायला?

६ डिसेंबर

वारा. अकागी डोंगरावरून सरळ अंगावर. सायकल हातात धरून चालले, दात अजून करकरतायत धुळीने.

८ डिसेंबर, शनिवार

आज मात्सुएने ठेव घेतली! नेगिशींची सून, मागच्या गल्लीतली. वर्षभर तिच्या मागे होते. घरात रेशमाचे चार माग, नवरा तोकुजी हिशेबाला पक्का, सुनेच्या हातात दमडी नाही. आमच्या भागाची म्हणे ओळखच ही, वारा कोरडा आणि बायको वरचढ! वरचढ ती फक्त मागावर. पैसा नवऱ्याच्या कमरेला.

हिने काय केलं, तर रेशमाचे तुटके धागे, जे कचऱ्यात जातात, ते गोळा करून करून विकले. पाच वर्षं. शिनोसाठी. शिनो पंधरा वर्षांची, हुशार, हायस्कूलला जायचंय. तोकुजी म्हणतो एप्रिलपासून पोरगी मागावर. विषय संपला.

माग चालू असताना इथे कोणी ओरडत नाही, आवाज पोचतच नाही. सगळे ओठांनी बोलतात. मी ताकासाकीहून लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, हे गाव मुकं आहे की काय! आता मलाही येतं. आज आम्ही तशाच बोललो, मागाच्या दोन बाजूंना उभ्या राहून.

“नाव लागतं?” मात्सुए.

“नाही. नुसता नंबर आणि तुझा शिक्का.” सहीच्या जागी मारायचा हा शिक्का तिने दुकानातून तयार आणलाय, माहेरच्या आडनावाचा.

“नंबर लागला तर?”

“लागला तरी घरी कोणी येणार नाही.”

तिने हे तीनदा विचारलं, मी तीनदा सांगितलं. सासू तोरा-आजी दारातच बसलेली, टोपलीतले धागे निवडत. ठार बहिरी. जन्म गेला त्या खडखडाटात, कानांचं काय राहणार? पण आमच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मला बघितलं की असंच करते. विधवेचं तोंड बघायची एवढी हौस!

पावती कुठे ठेवलीस, विचारलं. “देव्हाऱ्यात, सासऱ्यांच्या फोटोमागे,” म्हणाली. “तिथे कोणी हात घालत नाही.”

१४ डिसेंबर

तिघींनी घेतली आज. नवीन वर्षाआधीच घ्या, मग बक्षीस लहान होणार, असं सांगून खपवली. खोटं नाही. पण खरं सांगून खपवली असंही वाटत नाही.

२२ डिसेंबर, शनिवार

सोडत झाली, प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये. अर्थखात्याकडून इवाकामी नावाचा तरुण साहेब देखरेखीला. स्वतःचा डबा घेऊन आला, बँकेचा चहासुद्धा घेईना! जेवायच्या सुट्टीत मी त्याला टोचलंच. म्हटलं, “साहेब, गरिबाच्या घरात एकदा ढोल वाजला तर सरकारचं काय जातं?”

चावता चावता थांबला. “बक्षीस कुठून येतं माहितीये ना, बाई? बाकीच्यांच्या व्याजातून. म्हणजे हजार घरांनी थोडं थोडं सोडायचं आणि एका घरात ढोल वाजवायचा. ठेवा तसं, सरकारची ना नाही. पण मोठ्याने नको. एवढंच आहे त्या कागदात.”

कोरडा माणूस, वाटलं. चहा न पिणाऱ्यांचं असंच असतं. पण घरी येताना ते वाक्य मनात घोळत राहिलं. मी व्याज कधी सांगतच नाही बायकांना. मुद्दल सांगते, नशीब सांगते. मधलं गिळते.

असो. साके दारूच्या पिंपाला दांडा लावून केलेलं चक्र, त्यातून लाकडी गोळ्या. विणकर संघाच्या अध्यक्षांनी पहिल्या बक्षिसाचा नंबर वाचला. मात्सुएचा!

पन्नास हजार येन. शिनोची तीन वर्षं, पुस्तकांसकट. मी एकटी टाळ्या वाजवायला विसरले.

२३ डिसेंबर, रविवार

सुट्टी असून साहेबांनी बोलावलं.

“पहिला नंबर तुमच्या गठ्ठ्यातला आहे, अरामाकी बाई. कोण?”

“नाव नसतं, साहेब. बिननावी ठेव म्हणूनच तर विकली आपण.”

“सोंगं नकोत. तुम्ही हाताने दिलीत.”

“रोज पन्नास दारं करते. कोण लक्षात ठेवतंय?”

साहेब हसले. वाईट माणूस नाहीत, लोकांना हसताना बघायला आवडतं त्यांना. “नियम एक तारखेपासून, बाई. आज तेवीस. शेवटचा ढोल वाजवून घेऊ. नाव नको तर नको, तुमचा गठ्ठा कोणत्या गल्लीत खपला ते मला माहितीये.”

मी हातापाया पडायला हवं होतं. नुसतं “नको हो, साहेब” म्हणाले.

२४ डिसेंबर

वाजवला! लाल-पांढरा झेंडा, तोंडं रंगवलेले तिघे बाजेवाले, आणि पुढे साहेब स्वतः, नव्या टोपीत. ‘पहिलं बक्षीस याच गल्लीत! अभिनंदन!’ गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोनदा.

बायका दारात आल्याच नाहीत. पुरुष आले. आधी हसले, मग एकमेकांकडे बघायला लागले. त्याच गल्लीतला तोसावा वखारीसमोर ओरडला, “अरे, माझ्याकडे तर पावती नाही! तुझ्याकडे आहे?” “नाही बुवा!” “मग कोणाच्या बायकोकडे आहे?”

आणि अख्खी गल्ली घरात शिरली. एकेक करून माग बंद पडले. मी या गावात इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत चटया उलटल्याचे आवाज, तांदळाचे डबे ओतल्याचे आवाज. तोसावाच्या बायकोचा एकदाच आवाज आला, आणि थांबला.

मी सायकल धरून कोपऱ्यावर उभी. नेगिशींच्या दारापर्यंत जायचा धीर झाला नाही.

२५ डिसेंबर

सार्वजनिक न्हाणीघरात मात्सुए भेटली. अंगावर वळ नाही, आधी तेच बघितलं. गरम पाण्यात बसून हळूच सांगायला लागली.

तोकुजीने माग थांबवले, चटया काढल्या, किमोनोंची पेटी उपसली. “मला एवढंच कळू दे, माझ्या घरात माझ्यापासून काय लपवलंय!” शेवटी देव्हाऱ्याकडे गेला. बापाचा फोटो उचलला. ही म्हणते, “माझं तिथेच संपलं होतं, फुसाताई.”

फोटोमागे काही नव्हतं.

तोकुजी दमला. आई दारात बसलेली, तिच्याखालची चटई तेवढी राहिली होती. “आई, ऊठ जरा,” हातवारे करून म्हणाला. तोरा-आजी कडाडली, “बापाच्या देव्हाऱ्यात हात घातलास, आता आईच्या बुडाखाली घाल! घाल की!” तो खजील होऊन बाहेर निघून गेला. आजी अंधार पडेपर्यंत तिथेच, वाऱ्यात.

“पण मग पावती कुठे गेली, ताई? रात्रभर डोळा नाही. आणि सकाळी धूळ पुसायला फोटो उचलला तर तिथेच! माझं डोकं फिरलं का?”

मी म्हटलं, घाबरलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही, तोकुजीलाही दिसलं नसेल. तिला पटलं. मला नाही पटलं, पण दुसरं काय सांगणार? तिची पाठ चोळून दिली. मला रडू आलं, गरम पाण्याचा एवढाच फायदा की कोणाला कळत नाही.

२६ डिसेंबर

सकाळपासून गल्लीतले नवरे शाखेत. बायकांच्या पावत्या घेऊन, मुदतीआधी मोडायला. चार झाल्या. तोसावाच्या बायकोने बहिणीच्या ऑपरेशनसाठी ठेवले होते म्हणे. नवऱ्याने वर्षाअखेरच्या देण्यात घातले.

दुपारी साहेब माझ्या टेबलाशी आले. टोपी हातात. “मी आनंद वाटायला गेलो होतो, बाई.” ते खरंच आनंद वाटायलाच गेले होते, हेच तर अवघड.

परिपत्रक पुन्हा काढून वाचलं. सरकारी भाषा, लाकडासारखी. पण ‘विजेत्याची ओळख प्रसिद्ध करू नये’ या ओळीवर थांबले. तीन तारखेला मला वाटलं होतं, तोक्योच्या कोणा आंबट तोंडाच्या माणसाला लोकांचं सुख बघवत नाही. आता वाटतं, लिहिणाऱ्याने अशी एखादी गल्ली बघितली असावी. माझे यजमान लढाईसाठी लुझोन बेटावर गेले तेव्हाही गल्लीने झेंडे नाचवले होते. त्यानंतर ढोल ऐकला की मला दार लावून घ्यावंसं वाटतं. तरीही बँकेच्या ढोलाची बाजू मी घेतली, कारण त्या ढोलावर माझी भाकरी होती.

नियम दहा दिवस आधी लागू झाला असता तर! नाही, तसं नाही. मी दहा दिवस आधी शहाणी झाले असते तर.

९ जानेवारी १९५२

पैसे पोचवले. मुळ्यांच्या जुडीत बांधून. मात्सुएने पावतीवर शिक्का मारून पैसे घेतले. परत देव्हाऱ्यातच ठेवणार म्हणे, आता वेगळ्या फोटोमागे.

४ मार्च

शिनोने हायस्कूलची प्रवेशपरीक्षा दिली. बापाला सांगितलं, शाळेची साफसफाई आहे.

१३ मार्च

पास! गावातून सहावी!

आणि मात्सुए रडतेय. फी पंचवीस तारखेपर्यंत. पैसे आहेत, आणि बाहेर काढता येत नाहीत! काढले की पहिला प्रश्न, कुठून आले? मग पाच वर्षांचे धागे, मग माहेरच्या नावाचा शिक्का. तोकुजी मारकुटा नाही, पण घरातून काढेल, किंवा निदान पैसे काढून घेईल. त्याने शिनोसाठी माग तेलपाणी करून ठेवलाय. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं!

“सांगून टाक,” मी म्हटलं.

“तुम्ही सांगाल, तुमच्या घरात कोण आहे विचारायला?”

लागलं मला. पण खोटं काय बोलली? मागाच्या दोन बाजूंना आम्ही दोघी, ओठ हलवून हलवून थकलो, काही सुचेना. आजी दारात बसून टक लावून बघतेय! एकदा वाटलं, तिच्यावरच खेकसावं.

१७ मार्च, सोमवार

तोरा-आजी शाखेत आली. एकटी! जन्मात पहिल्यांदा. माझ्यासमोर बसली. साहेब मागेच होते, म्हणून की काय, आवाजच काढला नाही. नुसते ओठ हलवले, सावकाश, मला नीट वाचता यावेत असे.

“तोकुजीला सांगितलंय, पोरीची फी माझ्या मरणासाठी ठेवलेल्या पैशातून. आईच्या मरणाला तो नाही म्हणत नाही. माझ्याकडे कसले आलेत मरणाचे पैसे! सुनेला तू आपलं म्हणून सांग, फोटोमागचे काढ. मला कळलंय हे तिला सांगायचं नाही. बिचारी जेवायची नाही.”

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

“त्या दिवशी पावती माझ्या बुडाखाली होती. थंडीने मेले असते.”

मग कमरेच्या पट्ट्यातून तंबाखूची जुनी डबी काढून तिने माझ्यापुढे सरकवली. आत घड्या घातलेल्या मळक्या नोटा.

“मलाही तसलीच एक दे,” आजीचे ओठ म्हणाले. “घरी कोणी येत नाही, तसली.”